इंद्रधनुष्यात नसलेला रंग: कथांमधला आणि प्रयोगशाळेतला

एप्रिल २०२५ मध्ये एक बातमी जगभर फिरली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी लेझरच्या मदतीने पाच माणसांना आजवर कुणीही न पाहिलेला रंग दाखवला, अशी ती बातमी. रंगाचं नाव ‘ओलो’. बहुतेक ठिकाणी बातमीसोबत निळसर हिरवा चौकोन छापला होता आणि लगोलग खुलासाही केला होता, की हा काही खरा ओलो नव्हे, तो कुठल्याच पडद्यावर दाखवता येत नाही. आता निळसर हिरवा म्हटल्यावर आपल्याकडे कुणीही विचारणारच: मोरपंखी ना? मग त्यासाठी लेझर कशाला हवा होता, येवल्याच्या एखाद्या दुकानात गेलं असतं तरी भागलं असतं.

प्रश्न थट्टेचा असला तरी रास्त आहे. नवा रंग म्हणजे नेमकं काय? आधी न पाहिलेली छटा, की लाल-पिवळ्या-निळ्याच्या पंगतीत बसणारा अगदी वेगळा कुणी? इंग्रजी कथा-कादंबऱ्यांमध्ये गेली सव्वाशे वर्षं लेखक या दुसऱ्या प्रकारच्या रंगांचं वर्णन करत आले आहेत. ओलोच्या निमित्ताने त्यांच्या कल्पना विज्ञानाला लावून बघता येतात. बघितल्यावर माझं मत असं झालं, की यातल्या बहुतेकांनी नवा रंग चुकीच्या जागी शोधला. कुणी उल्केत, कुणी परक्या सूर्यात, कुणी जांभळ्याच्या पलीकडे. तो असलाच तर तिथे नाही.

## कथांमधले चार रंग

अँब्रोस बिअर्स या अमेरिकन लेखकाची ‘द डॅम्ड थिंग’ ही कथा १८९३ सालची. रानात एका माणसाचा जीव जातो. मारणारा प्राणी कुणालाच दिसत नाही, त्याच्या चालण्याने ओट्सचं रान तेवढं हलताना दिसतं. मेलेल्या माणसाच्या डायरीत खुलासा सापडतो: जसे काही आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाहीत, तसे काही रंग डोळ्याला दिसत नाहीत, आणि हे जनावर तसल्याच एका रंगाचं आहे.

डेव्हिड लिंडसे या स्कॉटिश वंशाच्या लेखकाची ‘अ व्हॉयेज टू आर्क्टुरस’ ही कादंबरी १९२० ची. तिच्यातल्या ग्रहाला दोन सूर्य आहेत आणि तिथे आपल्या मूळ रंगांखेरीज आणखी दोन मूळ रंग दिसतात, ‘जेल’ आणि ‘अल्फायर’. ते दिसतात कसे, हे लिंडसे सांगत नाही. सांगणार तरी कसा? तो त्यांचे स्वभाव सांगतो. निळा नाजूक आणि गूढ, पिवळा स्वच्छ आणि सरळ, तांबडा रक्ताचा आणि आवेगाचा, तसा अल्फायर रानटी आणि दुखरा, तर जेल स्वप्नाळू, तापातल्यासारखा. वाचताना काहीतरी जाणवतं हे खरं, पण डोळ्यापुढे काहीच येत नाही.

एच. पी. लव्हक्राफ्टची ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ १९२७ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात आली. एका शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडते. तिच्या आत एक चकचकीत गोळा सापडतो, त्याचा रंग कशातच बसत नाही. विद्यापीठातली मंडळी तुकडा नेऊन तपासतात, तर उपकरणात दिसणारे पट्टेही अनोळखी. पुढे तो रंग झाडांत शिरतो, गुरांत शिरतो, माणसांत शिरतो, आणि शेत राख होऊन जातं. लव्हक्राफ्टने एक खबरदारी घेतली आहे: त्याला रंग म्हणायचं तेही केवळ साधर्म्यामुळे, असं तो लिहितो. हे एक वाक्य मला सगळ्या कथेत सर्वांत शहाणं वाटतं.

आणि चौथा ‘ऑक्टरीन’. टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतला, १९८३ पासूनचा. जादूचा हा आठवा रंग फक्त जादूगारांना आणि मांजरांना दिसतो. दिसायला म्हणे हिरवट-पिवळट जांभळा. प्रॅचेट विनोदी लेखक, त्यामुळे त्याला कुणी गंभीरपणे घेत नाही. घ्यायला हवं होतं, ते का हे पुढे येईल.

## रंग असतो कुठे?

प्रकाश म्हणजे लाटा. लाटेच्या एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी. ती नॅनोमीटरमध्ये मोजतात, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या डोळ्याला साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. त्याच्या अलीकडचा तो अतिनील, पलीकडचा अवरक्त. इथवर शाळेत शिकलेलं असतं. शाळेत त्यापुढे एक वाक्य राहून जातं: त्या लाटांना स्वतःचा रंग नसतो.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, उजेडात काम करणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांना शंकुपेशी म्हणतात. त्या तीन प्रकारच्या. लांब लहरींना दाद देणारी, मधली, आणि आखूड लहरींना दाद देणारी. पुस्तकांत त्यांना सरळ लाल, हिरवी, निळी म्हणून मोकळे होतात, पण ती नावं फसवी आहेत. ‘लाल’ म्हणवणारी पेशी सर्वांत जास्त उत्तेजित होते ती ५६० नॅनोमीटरच्या आसपास, आणि तो प्रकाश आपल्याला पिवळसर हिरवा दिसतो. मधली सुमारे ५३० ला, आखूड सुमारे ४२० ला.

आता एखादी आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घ्या. समोर तीन परीक्षक. प्रत्येकाने फक्त एक आकडा लिहून द्यायचा. शेरा नाही, कारण नाही. निकाल लावणारे आयोजक बाहेरच्या खोलीत बसलेत, त्यांनी एकही एकांकिका पाहिलेली नाही. त्यांच्या हातात येते ती तीन आकड्यांची चिठ्ठी. शंकुपेशी म्हणजे हे परीक्षक आणि मेंदू म्हणजे तो आयोजक. कुठली लहर आली हे एकटी पेशी सांगूच शकत नाही, किती उत्तेजित झाले एवढंच ती सांगते. तीन आकड्यांची तुलना करून मेंदू जो निकाल लावतो, तो रंग.

यातून एक गंमत निघते. दोन अगदी वेगळ्या एकांकिकांना योगायोगाने तेच तीन आकडे मिळाले, तर आयोजकाला त्या एकच वाटणार. मोबाइलवर झेंडूचा पिवळाधमक फोटो उघडा आणि पडद्यावर बोटाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो. नीट पाहिलंत तर त्यात तांबडे आणि हिरवे ठिपके दिसतील. पिवळा ठिपका एकही नसतो. फुलाकडून आलेल्या पिवळ्या प्रकाशाला आणि पडद्यावरच्या या तांबड्या-हिरव्या मिश्रणाला परीक्षकांनी सारखेच गुण दिले, म्हणून दोन्ही पिवळे. टीव्ही, मोबाइल, छापील मासिक, सगळ्यांचा धंदा या एका फसवणुकीवर चालतो.

## अतिनील दिसलं तर नवा रंग दिसेल की!

ही सर्वांत स्वाभाविक शंका, आणि बहुतेक लेखक इथेच फसले. जांभळ्याच्या पलीकडे प्रकाश आहे, तो दिसत नाही, म्हणजे तिथे न दिसलेले रंग दडलेत, असा तो हिशोब. पण अतिनील प्रकाश पाहिलेली माणसं आहेत, आणि त्यांना नवा रंग दिसलेला नाही.

डोळ्यातलं नैसर्गिक भिंग अतिनील प्रकाश अडवतं. पूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग काढून टाकत आणि आत दुसरं बसवत नसत. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा मिळे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या अनेकांनी तो वापरला आहे. अशा भिंग नसलेल्या डोळ्यात थोडा अतिनील प्रकाश पोचतो आणि तो दिसतो पांढरट निळा किंवा फिकट जांभळा. कारण परीक्षक तेच तिघे. अनोळखी एकांकिका आली तरी चिठ्ठीवर आकडे तीनच पडणार, आणि तसे आकडे आयोजकाने आधी पाहिलेले असणार. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ साली झालं. त्यानंतर सगळं फार निळं दिसतं अशी त्याची तक्रार होती. त्याला अतिनील दिसू लागलं होतं असं बरेच जण हौसेने लिहितात. दिसत असलंच, तरी ते निळसरच दिसलं असणार.

दुसऱ्या टोकाचा पुरावा तर जास्तच मजेदार आहे. २०१४ साली संशोधकांनी दाखवून दिलं, की सुमारे १००० नॅनोमीटरच्या अवरक्त लेझरचे अतिशय छोटे, जोरकस ठोके डोळ्याला दिसतात आणि ते हिरवे दिसतात. दोन प्रकाशकण एकाच वेळी पेशीतल्या रंगद्रव्यावर आदळतात आणि दोघांची ऊर्जा मिळून ५०० नॅनोमीटरच्या एका कणाएवढी होते. बाहेरून आलं अवरक्त, आत नोंद झाली हिरव्याची. २०२५ मध्येच चीनमधल्या संशोधकांनी अवरक्त दिसणारी कॉन्टॅक्ट लेन्स केली. तीसुद्धा अवरक्ताचं रूपांतर आपल्या नेहमीच्या रंगांत करते.

म्हणजे बिअर्सचं जनावर? त्याला निदान इतकं श्रेय द्यायला हवं, की आपल्याला नवा रंग दिसेल असं त्याने म्हटलं नाही, दिसणारच नाही असं म्हटलं. पण चूक दुसरीकडे आहे. एखादी वस्तू फक्त न दिसणारा प्रकाश परतवत असेल तर ती अदृश्य होत नाही, काळी दिसते. मागचा प्रकाश ती अडवणारच ना! मजा अशी, की बिअर्सने डायरीत हेच लिहून ठेवलंय. डोंगराच्या कडेवरचे तारे एकामागोमाग एक क्षणभर झाकले जातात, म्हणून तिथून काहीतरी गेलं हे कळतं. रात्री तारे झाकणारं जनावर दिवसा आकाश झाकत नाही, हे कसं, ते बिअर्सलाच विचारायला हवं.

आणि जेम्स वेब दुर्बिणीची ती रंगीत छायाचित्रं? ती दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते. तिथल्या लांब लहरींना तांबडा, आखूड लहरींना निळा असे रंग शास्त्रज्ञ नंतर नेमून देतात. ठरवून दिलेली खूण आहे ती. टीव्हीच्या रिमोटचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जांभळट दिसतो, तो काही अवरक्ताचा ‘खरा’ रंग नव्हे. कॅमेऱ्याच्या संवेदकाने केलेला तो घोळ.

## मग ओलोत वेगळं काय झालं?

ओलोचा प्रकाश साधा आहे. ५४३ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, भिंतीवर मारला तर हिरवाच दिसेल. वेगळेपण आहे ते मारण्याच्या जागेत.

तीन परीक्षकांपैकी लांब आणि मधला या दोघांची आवड इतकी जुळती, की एकाला आवडलं ते दुसऱ्याला थोडंफार आवडतंच. मधला परीक्षक तर लांब आणि आखूड या दोघांच्या मध्ये सापडलाय. जगात असा कुठलाही प्रकाश नाही, जो मधल्याकडून भरघोस गुण मिळवेल आणि बाकी दोघांकडून शून्य. ‘शून्य, एक, शून्य’ अशी चिठ्ठी आयोजकाच्या हातात कधीच पडलेली नाही. सूर्योदय असो, पाचू असो, मोराचा गळा असो, कधीच नाही.

बर्कलीच्या गटाने सभागृहात नाटक लावायच्याऐवजी एकट्या मधल्या परीक्षकाच्या कानात जाऊन सांगितलं, दे गुण. आधी दृष्टिपटलाच्या एका छोट्या तुकड्यातल्या सुमारे हजार शंकुपेशींचा नकाशा काढला: कुठली पेशी कुठल्या प्रकारची. मग डोळ्याची बारीकशी थरथरसुद्धा टिपत, दर सेकंदाला सुमारे एक लाख या वेगाने, लेझरचे सूक्ष्म ठोके नेमके मधल्या पेशींवर टाकले. शेजारच्या पेशींना शक्यतो धक्का लागू द्यायचा नाही. या पद्धतीला त्यांनी ‘ऑझ’ म्हटलं, आणि ० १ ० हे आकडे अक्षरांसारखे वाचून रंगाला ‘ओलो’. दिसला तो आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण दुप्पट आकाराच्या ठिपक्याएवढा, आणि तोही नजरेच्या ऐन मध्यभागी नाही, जरा बाजूला. कारण मध्यभागी पेशी फारच बारीक आणि दाटीवाटीने असतात.

दोन गोष्टी इथे बारकाईने बघण्यासारख्या आहेत. पहिली, तुलना. पाहणाऱ्यांना ओलो शेजारी कुठल्याही शुद्ध निळसर-हिरव्या प्रकाशाशी जुळवायला सांगितलं. तो जुळेना. ओलोमध्ये पांढरा प्रकाश मिसळून त्याला फिका केला, तेव्हा कुठे निसर्गातल्या सर्वांत गडद निळसर-हिरव्याशी त्याची जोडी लागली. दुसरी, उलटतपासणी. लेझरचा नेम मुद्दाम हलवला की ओलो नाहीसा व्हायचा आणि लेझरचा नेहमीचा हिरवा दिसायचा. प्रकाश तोच, ऊर्जा तीच, फक्त नेम चुकलेला. या दुसऱ्या गोष्टीने मला जास्त पटवलं.

## हा तर नुसता जास्त गडद हिरवाच!

असं म्हणणारे तज्ज्ञही आहेत. लंडनचे दृष्टितज्ज्ञ जॉन बार्बर यांनी तेव्हाच म्हटलं, की हा नवा रंग नसून गडदपणा वाढलेला हिरवा आहे. त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. ओलो पाहणाऱ्यांनीही त्याला निळसर हिरवाच म्हटलं. ‘याला काय म्हणावं कळेना’ असं नाही. चौथी मिती, म्हणजे चिठ्ठीवर चौथा आकडा, उघडली नाही. पण तिन्ही मितींच्या नकाशावर जो कोपरा आजवर रिकामा होता, तिथे कुणीतरी पाय ठेवला, हे नाकारता येत नाही.

आणि तो कोपरा नकाशावर फार आधीपासून आहे. १९३१ साली प्रकाश आणि रंग यांची मापं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सगळे रंग आकड्यांत मांडायची पद्धत पक्की केली. हिशोबात उणे आकडे येऊ नयेत म्हणून त्यांनी तीन असे मूळ रंग धरले, जे कुठल्याच प्रकाशाने तयार होत नाहीत. त्यांना शास्त्रात अधिकृतपणे ‘काल्पनिक रंग’च म्हणतात. तुमच्या मॉनिटरचं आणि छापखान्यातल्या शाईचं मोजमाप आजही या पद्धतीवर बेतलेलं असतं. कादंबरीकार कल्पनेतल्या रंगांवर भुताटकीच्या गोष्टी रचत होते, तेव्हा इंजिनिअर मंडळी तसल्याच रंगांनी हिशोब करत होती.

ओलोच्या दिशेला जरासं घरीही जाता येतं. मोबाइलचा अख्खा पडदा लालभडक करा, खोलीत अंधार करा आणि अर्धा मिनिट एकटक बघा. लांब पेशी थकतात. मग लगेच गडद हिरव्याकडे नजर वळवा. थकलेला परीक्षक नेहमीपेक्षा कमी गुण देतो आणि तो हिरवा काही क्षण नेहमीपेक्षा जास्तच हिरवा भासतो. ओलो नव्हे, पण त्या वाटेवरचं पहिलं वळण म्हणता येईल. बातमी आल्यावर एका ब्रिटिश चित्रकाराने ओलोवरून बेतलेला रंग बाटलीत भरून विकायला काढला, त्याला मात्र ओलो म्हणता येणार नाही. बाटलीतला रंग प्रकाश परतवूनच दिसणार, आणि परतलेला प्रकाश तिन्ही पेशींवर पडणारच.

## हिरवट-पिवळट जांभळा

आता प्रॅचेट. तीन आकड्यांची चिठ्ठी मेंदूकडे जशीच्या तशी जात नाही, वाटेत तिची वजाबाकी होते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग याने एकोणिसाव्या शतकातच एक गोष्ट हेरली होती: निळसर हिरवा असतो, तांबूस पिवळा असतो, पण तांबूस हिरवा नसतो आणि पिवळट निळाही नसतो. (पिवळ्या-निळ्या रंगांची मिसळ करून हिरवा मिळतो, पण त्यात आपल्याला पिवळा आणि निळा एकाच वेळी जाणवत नाहीत.) डोळा आणि मेंदू यांच्यामधल्या यंत्रणेत लाल-हिरवा हा एक काटा आणि पिवळा-निळा हा दुसरा. काटा एका वेळी एकाच बाजूला झुकतो.

म्हणून ‘हिरवट-पिवळट जांभळा’ हे वर्णन ऐकायला निरर्थक वाटतं. जांभळ्यात लाल आणि निळा दोन्ही असतात. म्हणजे हिरव्यासोबत लाल आणि पिवळ्यासोबत निळा. दोन्ही काटे एकदम दोन्हीकडे झुकलेले. प्रॅचेटने हे हेरिंग वाचून लिहिलं की थट्टेच्या भरात, मला सांगता येणार नाही, पण माणसाला अशक्य असलेल्या रंगाचं याहून अचूक वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं मी वाचलेलं नाही.

खरंच अशक्य आहे का? १९८३ मध्ये, म्हणजे ऑक्टरीन आला त्याच वर्षी, क्रेन आणि पिआंटानिडा या दोन अमेरिकन संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग छापला. लाल आणि हिरवे पट्टे शेजारी ठेवायचे आणि डोळा हलला की चित्रही तितकंच हलवायचं, म्हणजे दोघांमधली कड दृष्टिपटलावर एकाच जागी खिळून राहते. खिळलेली कड मेंदू थोड्या वेळाने पुसून टाकतो. मग लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळतात आणि काहींनी सांगितलं, की एकाच वेळी लाल आणि हिरवा असलेला रंग दिसला, नाव सांगता येईना. पुढे इतरांनी या निष्कर्षावर शंका घेतल्या. दिसलेला रंग साधा मातकट असावा असंही म्हटलं गेलं. वाद अजून मिटलेला नाही.

प्रॅचेटची दुसरी करामत याहून पुढची. जादूगारांनाच ऑक्टरीन का दिसतो? कारण त्यांच्या डोळ्यांत इतरांसारख्या पेशी असतातच, शिवाय अष्टकोनी पेशीही असतात. चौघांपैकी एकट्या या विनोदी लेखकाने नवा रंग जिथे शोधायला हवा तिथे शोधला. परीक्षकांच्या खुर्च्यांत.

## चौथी खुर्ची

पक्ष्यांच्या डोळ्यांत ती आहे. बहुतेक पक्ष्यांना चार प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि चौथी जांभळ्या-अतिनीलाला दाद देते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोलोरॅडोच्या डोंगरात रानटी हमिंगबर्डची परीक्षा घेतली. दोन पेले, एकात साखरपाणी, दुसऱ्यात साधं पाणी. दोन्हींजवळ एकेक दिवा: एक हिरवा, दुसरा हिरवा अधिक अतिनील. माणसाला दोन्ही दिवे सारखेच. पेल्यांची जागा बदलत राहिली तरी पक्षी दिवा बघून साखरपाण्याकडे जायला शिकले. त्यांना तो ‘अतिनील-हिरवा’ कसा दिसतो ते कळायला मार्ग नाही, पण तो त्यांना हिरव्यापेक्षा वेगळा दिसतो हे पक्कं.

इथे समाजमाध्यमांवरच्या एका लाडक्या प्राण्याचं नाव कुणीतरी काढणारच. मॅन्टिस श्रिम्प, म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा एक समुद्री प्राणी. त्याच्याकडे रंग ओळखणाऱ्या बारा प्रकारच्या पेशी आहेत, म्हणून त्याला आपल्या कल्पनेपलीकडचे रंग दिसतात असं सांगितलं जातं. २०१४ मध्ये त्याची परीक्षा घेतली, तर जवळजवळच्या छटा ओळखण्यात तो आपल्याहून कच्चा निघाला. बारा परीक्षक बसवले, पण त्यांच्या गुणांची आपापसात तुलना करणारा आयोजकच धड नाही, असं काहीसं ते असावं. नुसत्या खुर्च्या वाढवून भागत नाही.

माणसांतही चौथी खुर्ची कधीकधी सापडते. लांब आणि मधल्या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून लाल-हिरव्याची गल्लत पुरुषांत जास्त. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर सुमारे आठ टक्के. स्त्रीकडे दोन एक्स. एकावरचं जनुक थोडं वेगळं असेल तर तिच्या डोळ्यात चार प्रकारच्या पेशी तयार होतात. न्यूकासलच्या गॅब्रिएल जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी अशा २४ स्त्रियांची परीक्षा घेतली आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. चौथ्या पेशीचा खरोखर वापर होतोय अशी एकच निघाली. इतरांना जे रंग एकसारखे वाटत, ते ती झटकन वेगळे काढत होती. तिचा डोळा तुमच्या-माझ्या इंद्रधनुष्यातच जास्त रेघा बघतो, जांभळ्याच्या पलीकडे नाही.

‘पण मोठ्या वयात नवी पेशी दिली तर मेंदूला तिचं काय करायचं ते कळणारच नाही,’ ही शंका उरते. तिचं उत्तर डाल्टन आणि सॅम या दोन स्क्विरल माकडांनी दिलं. या जातीतले नर जन्मतः दोनच प्रकारच्या शंकुपेशींवर जगतात, त्यांना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही. अमेरिकेत जे आणि मॉरीन नाइट्झ यांच्या गटाने या प्रौढ माकडांच्या डोळ्यात विषाणूमार्फत माणसातलं लांब पेशीचं जनुक सोडलं. काही महिन्यांनी दोघेही राखाडी ठिपक्यांतून लाल-हिरवे ठिपके ओळखू लागले. हे २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. डाल्टन हे नाव जॉन डाल्टनवरून ठेवलेलं. त्या रसायनशास्त्रज्ञाला स्वतःला रंगांधत्व होतं आणि १७९४ मध्ये त्याने ते लिहून ठेवलं होतं.

## आता कादंबरीकाराने काय लिहावं?

लव्हक्राफ्टच्या रंगाला या हिशोबात जागा सापडत नाही. उल्केचा प्रकाश आपल्या पट्ट्यातला असेल तर चिठ्ठीवर जुनेच आकडे येणार, पट्ट्याबाहेरचा असेल तर दिसणारच नाही. तिसरी शक्यता एकच: उल्केने बघणाऱ्याचा डोळाच बदलला. कथेत ती वस्तू ज्याला शिवेल त्याला बदलतेच, तेव्हा हे अगदीच ओढूनताणून म्हणता येणार नाही. फक्त विद्यापीठातल्या मंडळींना तो रंग पहिल्याच दिवशी कसा दिसला, हा प्रश्न राहतो.

२०१९ मध्ये या कथेवर चित्रपट निघाला. पडद्यावर तर काहीतरी दाखवायलाच हवं. त्यांनी निवडला आपल्याकडे ज्याला राणी रंग म्हणतात त्याच्या जवळपासचा. तडजोडच, पण हुशारीची. इंद्रधनुष्यात राणी रंग नाही. त्याची स्वतःची तरंगलांबी नाही. लांब आणि आखूड परीक्षकांनी गुण दिले आणि मधल्याने हात आखडता घेतला, की आयोजक त्याला राणी ठरवतो. ओलोची जवळजवळ उलटी चिठ्ठी, आणि ती आपण साडीच्या दुकानात रोज बघतो.

बर्कलीच्या गटाला पुढे दोन गोष्टी करून बघायच्या आहेत. रंगांधत्व असलेल्या माणसाला ऑझमधून हरवलेली पेशी असल्यासारखी चिठ्ठी पाठवता येते का, ही एक. आणि तीन पेशींच्या साध्या माणसाला चौथी असल्याचा आभास देता येतो का, ही दुसरी. दुसरी जमली तर पंगतीत नव्या पाहुण्याची जागा तयार होईल. जेल आणि अल्फायर ज्या अर्थाने रंग आहेत त्या अर्थाने. बघणाऱ्याने ‘नवाच रंग दिसतोय हो’ म्हटलं, एवढ्यावर मात्र त्यांना भागवता येणार नाही. परीक्षा हमिंगबर्डचीच घ्यावी लागेल: बाकी सगळ्यांना सारखे दिसणारे दोन ठिपके पुन्हा पुन्हा, जागा बदलून, वेगळे काढून दाखव.